हातून पडलेला कप

स्पेनमधल्या सालामांका गावातल्या माझ्या तिसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात एक कप फुटला. पांढरा, निळ्या काठाचा. फरशीवर आपटून त्याचे चार तुकडे झाले. सेन्योरा, म्हणजे माझी घरमालकीण, शेजारच्या खोलीत होती. मी धावत तिच्याकडे गेले आणि पुण्याच्या क्लासात घोटलेलं व्याकरण वापरून वाक्य जुळवलं, "यो रोंपी ला ताथा." मी कप फोडला. तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. राग नव्हता त्यात. ही पोरगी असं का बोलतेय, हा प्रश्न होता. मग ती आत आली, तुकडे पाहिले आणि म्हणाली, "नो, इखा. से ते आ काइदो."

केर भरताना ते वाक्य मी मनात घोळवत होते. शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं तर काही हाती लागेना. आणि मग एकदम ते मराठीत उमटलं. तुझ्या हातून पडला. ती मला सांगत होती, तू फोडला नाहीस गं बाळा, तुझ्या हातून पडला. हे तर माझी आई म्हणते. घरात काहीही फुटलं की आजी आधी हेच म्हणायची आणि मग काच लागली का ते बघायची.

नऊ महिन्यांनी मी परत आले तेव्हा स्पॅनिशबद्दल मला जे सांगायचं होतं, त्याची सुरुवात या कपापासून होते.

मी सोलापूरची. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुढे पुण्यात कॉलेजला आले आणि स्पॅनिशचा क्लास लावला. भाषेची ओढ वगैरे तेव्हा काही नव्हती, स्पॅनिश येणाऱ्यांना नोकऱ्या बऱ्या मिळतात एवढंच ऐकलं होतं. क्लासचं पुस्तक इंग्रजीतून, शिकवणं इंग्रजीतून, शंका विचारायची तीही इंग्रजीतून. म्हणजे एका भाषेकडे जाताना वाटेत दुसऱ्या भाषेचा टोल. माझं इंग्रजी जिथपर्यंत पोचे, तिथपर्यंतच माझं स्पॅनिश पोचे. वर्गातली इंग्रजी माध्यमाची मुलं फडाफड उत्तरं द्यायची आणि मी मनात आधी मराठी, मग इंग्रजी, मग स्पॅनिश अशी तीन स्टेशनं घेत जाईपर्यंत प्रश्न पुढे गेलेला असायचा. ए-टू पातळी पार केली, पण या भाषेत मी पाहुणीच राहणार असं मनात घट्ट बसलं होतं.

सालामांका विद्यापीठाच्या, परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तो २०२३ च्या उन्हाळ्यात. व्हिसाचं थोडक्यात सांगते, कारण ते ज्याला करावं लागतं त्याला यादी मिळतेच. प्रवेशपत्र, आरोग्य विमा, पोलीस क्लिअरन्स, डॉक्टरचा दाखला. मुक्काम १८० दिवसांहून जास्त असल्यामुळे शेवटच्या दोन्हींवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची सरकारी मोहोर हवी आणि सोबत स्पॅनिश भाषांतर. खर्च झेपेल याचा पुरावा महिन्याला ६०० युरो या हिशेबाने, म्हणजे नऊ महिन्यांचे ५,४०० युरो. आमच्यासाठी ती रक्कम पाच लाखांच्या घरात जाते. बाबांनी आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात काम केलं. त्यांनी मुदत ठेव मोडली आणि त्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. निघताना आईने बॅगेत एक सोलापुरी चादर घातली. वजन वाढतंय म्हणून मी कुरकुर केली होती.

माद्रिदच्या विमानतळावरून सालामांकाला थेट बस मिळते. ग्वादार्रामाचे डोंगर मागे पडले आणि पुढे नुसतं पठार. सप्टेंबर संपत आलेला, कापणी होऊन गेलेली, पिवळा माळ आणि मधूनच एखादं बुटकं, गडद, काटक झाड. खिडकीला डोकं टेकवून बघताना घशात काहीतरी दाटून आलं, कारण हे बार्शी रोडवरनं दिसावं तसं दिसत होतं. युरोप म्हटल्यावर मी हिरवळीची तयारी करून आले होते. माळाची नव्हती.

गाव मात्र सोनेरी आहे. जवळच्या बियामायोरचा वालुकाश्म सगळ्या जुन्या इमारतींना वापरलाय. त्यातल्या लोहामुळे तो हवा खाऊन हळूहळू सोनेरी होतो आणि संध्याकाळी साडेसातच्या उन्हात सबंध प्लाथा मायोर, गावचा मुख्य चौक, आतून दिवा लावल्यासारखा दिसतो. विद्यापीठ १२१८ सालचं. त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या कोरीव कामात एका कवटीवर बसलेला बेडूक आहे. तो कुणी न दाखवता सापडला तर परीक्षा सुटते, अशी समजूत. मला तो सापडायला बावीस मिनिटं लागली आणि त्यासाठी मी तीनदा गेले. भिंतींवर जागोजागी लाल अक्षरांत नावं रंगवलेली दिसतात, त्यांना बीतोर म्हणतात. पूर्वी डॉक्टर झालेल्या माणसाचं नाव असं रंगवत, आणि रंगात बैलाचं रक्त मिसळत. दगडावर ती शेकडो वर्षं टिकून आहेत.

सेन्योरा पंचाहत्तरीच्या पुढची, एकटी राहणारी. मुलं माद्रिदला. दोन खोल्या विद्यार्थ्यांना देते. पहिल्याच दिवशी मी तिला आदराने 'उस्तेद' म्हटलं तर तिने हात हलवला, "दे तू, दे तू." मला तू म्हण. इतक्या मोठ्या बाईला तू कसं म्हणायचं या विचाराने मी दोन दिवस तिला थेट हाक मारायचंच टाळत होते. मग लक्षात आलं, मी आजीला काय म्हणते? तूच ना! अगं आजी, तू जेवलीस का. बाबांना तुम्ही, आईला तू. आपल्याकडे तू हा लहानासाठी जसा असतो तसाच अगदी जवळच्यासाठीही असतो. आणि शब्द तर बघा, त्यांचा 'तू' आणि आपला तू, उच्चारासकट एकच. इंग्रजीच्या एका 'यू'मधून जाताना ही वाट मला कधीच दिसली नसती.

ती रोज सकाळी पाव आणायला खाली जाताना दारातून ओरडायची, "आओरा बेंगो!" शब्दशः, आत्ता येते. जाताना येते. मी तेव्हा नुसती हसले होते. घरून निघताना 'जाते' म्हटलं तर आजी ओरडायची, जाते म्हणू नये, येते म्हणावं.

वर्गात आम्ही अकराजण. अमेरिकन, जर्मन, जपानी, चिनी, एक ब्राझीलची मुलगी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात 'गुस्तार' आलं. हे क्रियापद म्हणजे बऱ्याच विद्यार्थ्यांची कायमची डोकेदुखी. एक अमेरिकन मुलगा पुन्हा पुन्हा "यो गुस्तो ला मूसिका" म्हणत होता, मी संगीत आवडतो असं काहीतरी. शिक्षिका समजावून थकली. "मे गुस्ता ला मूसिका," ती म्हणत होती, "संगीत कर्ता आहे, तू नाहीस." त्याला ते पटतच नव्हतं. मला मात्र न पटण्यासारखं काय आहे तेच कळेना. मी हात वर केला. त्या नऊ महिन्यांतला, आपणहून वर केलेला तो माझा पहिला हात. म्हटलं, माझ्या भाषेत असंच आहे. शिक्षिकेने खडू दिला आणि म्हणाली, तुझ्या लिपीत लिही. मी लिहिलं:

मला आंबा आवडतो.
मला आंबे आवडतात.

आणि खाली तिने लिहिलं, "मे गुस्ता एल मांगो. मे गुस्तान लोस मांगोस." आंबा एक झाला की क्रियापद एकवचनी, आंबे अनेक झाले की क्रियापद अनेकवचनी. दोन्ही भाषांत क्रियापद आंब्याकडे बघतं, माझ्याकडे बघतच नाही. मी 'मला' होऊन बाजूला उभी. शिक्षिका बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, ही कुठली भाषा? वर्गातल्या कुणी मराठी हे नावही ऐकलेलं नव्हतं. सालामांकाच्या त्या फळ्यावर माझ्या हस्ताक्षरात 'मला आंबा आवडतो' हे तासभर राहिलं. मी फोटो काढला. अजून तो माझ्या फोनच्या पहिल्या पानावर आहे.

त्या संध्याकाळी मी नवी वही आणली. डाव्या बाजूला स्पॅनिश, उजव्या बाजूला मराठी, इंग्रजीला जागाच नाही. आणि वही भरत गेली. 'बेओ एल पुएंते', मी पूल पाहते. पण 'बेओ आ मी माद्रे', मी आईला पाहते. माणसाआधी तो 'आ' का लागतो हे पुस्तकात दोन पानं समजावलेलं, आणि मी आजवर ते नियम म्हणून पाठ करत आलेले. अहो, तो आपला 'ला' आहे! आपण 'मी पूल पाहते' म्हणतो आणि 'मी आई पाहते' म्हणत नाही, ते आपल्याला कुणी शिकवलं? 'मे दुएले ला काबेथा', माझं डोकं दुखतंय. दुखणारं डोकं, कर्ता डोकं. 'मे फाल्ता उन पापेल', मला एक कागद कमी पडतोय.

हे शेवटचं वाक्य मी शिकले एका सरकारी कार्यालयात. स्पेनमध्ये आल्यावर महिन्याच्या आत परदेशी नागरिकांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. त्याआधी आपण कुठे राहतो त्याची नगरपालिकेत नोंद. मग ऑनलाइन वेळ घ्यायची, ती मिळता मिळत नाही. मग ठरलेल्या फॉर्मवर बँकेत शुल्क, फोटो आणि बोटांचे ठसे. मी सगळं घेऊन गेले, तरी खिडकीतल्या माणसाने कागद परत सरकवले आणि भराभर काहीतरी सांगितलं. एक शब्द कळला नाही. पुन्हा विचारलं, तर तेच त्याच वेगाने, जरा मोठ्या आवाजात. मागे रांग. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. घरी सेन्योराने कागद टेबलावर पसरले, एकेक पाहिला आणि बोट ठेवलं. शुल्क भरल्याचा बँकेचा शिक्काच नव्हता. मग तिने माझ्याकडून वाक्य दहादा म्हणून घेतलं, "पेर्दोने, के मे फाल्ता?" माफ करा, काय कमी पडतंय? दुसऱ्या खेपेला मी ते विचारलं, हळू बोलायला सांगितलं, आणि काम झालं. वर्गात तयार होणारं स्पॅनिश वेगळं आणि खिडकीसमोर लागणारं वेगळं. जाणाऱ्या प्रत्येकाने निघण्याआधी हे एक वाक्य तोंडात बसवून जावं, असं मला मनापासून वाटतं.

जेवणाचंही असंच एक वाक्य. आम्ही शाकाहारी. "नो कोमो कार्ने", मांस खात नाही, असं सांगून भागत नाही, कारण तिथे बऱ्याच जणांच्या लेखी खामोन, डुकराची खारवून वाळवलेली मांडी, म्हणजे मांस नव्हेच. फरसबीत खामोन, मसुरीत चोरिथो हे सॉसेज, सूपमध्ये हाडाचं पाणी. बाहेर जेवताना मी एकेक नाव घेऊन विचारायला शिकले. सेन्योरा मात्र दुसऱ्या आठवड्यापासून माझ्यासाठी वेगळं काढू लागली. मसुरीची बिनमांसाची आमटी तिने पुढ्यात ठेवली आणि नाव सांगितलं, "लेंतेखास बिउदास". विधवा मसूर. मी चमचा खाली ठेवला. तिला विचारलं, असं का म्हणतात? ती म्हणाली, सोबतीला काही नाही म्हणून. आणि मग खांदे उडवून म्हणाली, मीही बिउदाच आहे, आणि हे मला जास्त आवडतं. त्या दिवसापासून आम्ही दोघी बुधवारी तेच खायचो.

वहीत एक वेगळं पान शब्दांचं झालं. तिच्या कपाटाचं दार करकरायचं. तेल सोडताना ती म्हणाली, "ला बिसाग्रा". बिजागरी! कपाट 'आर्मारियो', आपली अलमारी. पैसे देणं 'पागार', आणि आपला पगार. हे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर गोव्याच्या, वसईच्या किनाऱ्यावर उतरले आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. दुसरी वाट अरबीची. स्पेनमध्ये अरबी काही शतकं नांदली, आपल्याकडे ती फारसीच्या हाताला धरून आली. म्हणून त्यांचा 'फुलानो' आणि आपला फलाणा एकच माणूस आहे. आणि साखर तर आपल्याकडूनच निघाली. शर्करा फारसी-अरबीतून फिरत स्पेनमध्ये 'आथूकार' झाली.

सगळं सोपं होतं असं मात्र नाही. मराठीने जिथे हात सोडला तिथे मी सपशेल अडकले. 'एल' आणि 'ला' कुठे लावायचा आणि कुठे गाळायचा हे मला अजूनही शंभर टक्के जमत नाही, आपल्याकडे ती भानगडच नाही. आपल्याला तीन लिंगं, त्यांना दोन. दूध आपलं नपुंसकलिंगी, त्यांचं स्त्रीलिंगी. 'मानो' म्हणजे हात, शेवटी ओ असूनही स्त्रीलिंगी. 'सेर' आणि 'एस्तार' या दोन 'असणं'साठी मी एक युक्ती काढली होती, असतो म्हणजे सेर, आहे म्हणजे एस्तार. बर्फ थंड असतो, 'ला निएबे एस फ्रीआ'. चहा थंड आहे, 'एल ते एस्ता फ्रीओ'. दोन आठवडे मी खूश होते. मग 'ती उंच आहे' आलं, तिथे 'एस' लागतं, आणि युक्ती कोसळली.

उच्चारांत त, द, प, क आपल्याला आयते मिळतात, कारण त्यांचे हे वर्ण आपल्यासारखेच, हवा न सोडता उच्चारायचे. पण माझा 'ग्राथियास' कुणाला कळेना, कारण मी आपला थ म्हणत होते आणि तिथे जीभ दातांमधून किंचित बाहेर काढून नुसती हवा सोडायची असते. 'पेरो' म्हणजे पण, आणि र थरथरवून म्हटला तर कुत्रा. तो थरथरता र मला डिसेंबरात आला, आंघोळ करताना, आणि मी ओल्या केसांनी बाहेर येऊन सेन्योराला "पेर्रो, पेर्रो" म्हणून दाखवलं.

लॅटिनमध्ये एक म्हण सालामांकाच्या नावाने सांगतात, निसर्गाने जे दिलं नाही ते सालामांका देऊ शकत नाही. शिक्षिकेने ती सांगितली तेव्हा मला लगेच आठवलं, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आधी ही म्हण मला टोचली असती. तोपर्यंत मला ठाऊक झालं होतं की माझ्या आडात पाणी होतं, पोहरा दुसऱ्याच विहिरीत सोडत होते.

याच गावात १४९२ च्या ऑगस्टमध्ये आंतोनियो दे नेब्रिखाने कास्तिलियन, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो त्या भाषेचं व्याकरण छापलं. त्याच महिन्यात कोलंबस निघाला, ते सगळ्यांना माहीत असतं. व्याकरण असावं ते लॅटिनचं, असं मानण्याच्या काळात त्याने बाजारात, घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेला नियमांचा मान दिला. शिंपल्यांच्या घरात, कासा दे लास कोंचासमध्ये, आता सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे बसून मी हे वाचत होते आणि दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं नाव मनात आलं. त्यांचं मराठी व्याकरण १८३६ चं. शाळेत एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ केलेलं नाव. वाचनालयात बसून मी शाळेतल्या विभक्ती आठवून वहीत लिहून काढल्या. प्रथमा, द्वितीया, तृतीया. स, ला, ते. चतुर्थीपाशी आले आणि 'मे गुस्ता' तिथे आधीच बसलेलं होतं.

हिवाळा फार लांबतो. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असं कास्तियाचे, म्हणजे या पठारी मुलखातले लोक आपल्या हवेबद्दल म्हणतात. जानेवारीत पारा शून्याखाली. सेन्योराच्या बैठकीच्या खोलीत एक गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत पोचणारं जाड कापड आणि खाली ब्रासेरो, म्हणजे विजेची शेगडी. कापड मांड्यांवर ओढून बसायचं. तिच्या लहानपणी त्यात खरे निखारे असत. आईने दिलेली चादर मी तिला नाताळात दिली. तिने ती त्या टेबलावर कापडासारखी घातली, मोठ्या ताठ मानेने शेजारणींना दाखवली, आणि आम्ही हिवाळाभर सोलापुरी चादरीत पाय घालून अभ्यास केला.

भूतकाळ शिकत होतो. स्पॅनिशमध्ये एक साधा, घडून संपलेला भूतकाळ आणि दुसरा इंपर्फेक्तो, चालू असलेला, सवयीचा, ज्याला सुरुवात-शेवट दिसत नाही असा. शिक्षिका आम्हाला विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत फ्राय लुईस दे लेओन या इथे शिकवणाऱ्या कवीच्या वर्गात घेऊन गेली. ओबडधोबड लाकडी बाकं, शतकानुशतकं मुलांनी कोरलेली. इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याला १५७२ मध्ये तुरुंगात टाकलं, जवळपास पाच वर्षांनी सोडलं. तो परत याच वर्गात आला आणि म्हणाला, "देथीआमोस आयेर", काल आपण म्हणत होतो. आख्यायिका असेलही. पण 'म्हटलं' नाही, 'म्हणत होतो'. बोलणं मध्येच थांबलं होतं, संपलं नव्हतं. शिक्षिका म्हणाली, हाच इंपर्फेक्तो.

फेब्रुवारीत एका पहाटे फोन आला. आजी गेली. सोलापूरला सगळं आटोपेपर्यंत मी पोचू शकत नव्हते, तिकिटाचे पैसेही नव्हते. सेन्योरा गाऊनवरच बाहेर आली, ब्रासेरो लावला, मला चादरीखाली बसवलं. मी म्हणाले, "मी आबुएला मुरिओ आनोचे." काल रात्री माझी आजी वारली. साधा भूतकाळ. घडलं आणि संपलं. मग बराच वेळ काही नाही. मग मी बोलायला लागले. माझी वेणी घालायची. गोष्टी सांगायची. शनिवारी सिद्धेश्वराला न्यायची. जाते म्हणू नको, येते म्हण, असं म्हणायची. 'मे पेइनाबा. मे कोंताबा क्वेंतोस. मे येबाबा.' एकेक 'आबा' आपल्या 'आयची'वर जाऊन बसत होता. मी काही जुळवत नव्हते. मधलं स्टेशन गेलं होतं. किती वेळ बोलले माहीत नाही. सेन्योराने एकदाही चूक काढली नाही. थांबले की फक्त म्हणायची, "सीगे." पुढे सांग. आणि उजाडताना ती तिच्या आईबद्दल बोलू लागली, तीही 'पेइनाबा'नेच.

त्या पहाटेनंतर मी कधी इंपर्फेक्तोत चुकले नाही. हे यश म्हणून सांगत नाही. असं झालं, एवढंच.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, ८ एप्रिलला, सगळं गाव तोर्मेस नदीकाठी जेवायला गेलं. लुनेस दे आग्वास, तिथला सण. मांस भरलेला ओर्नाथो हा पाव खातात. सेन्योराने माझ्यासाठी नुसत्या अंड्याचा केला. अंडं मी पुण्यात खायला लागले होते. रोमन पुलाच्या अलीकडे गवतावर बसून मी सुब्खुंतीबोचा शेवटचा धडा वाचत होते. इच्छा, शंका, आशा यांचं क्रियापद, ज्याला इंग्रजी माध्यमाची पुस्तकं डोंगरासारखं उभं करतात. 'किएरो के बेंगास', तू यावंस असं मला वाटतं. 'ओखाला यूएबा', पाऊस पडो. यावंस, करावंस, पडो, होवो. आपल्याकडे हे सगळं आहे. ओव्यांत आहे, आरत्यांत आहे, आशीर्वादात आहे. मी पुस्तक मिटलं आणि झोपले.

परीक्षा मेमध्ये, देले बी-टू, म्हणजे स्पॅनिश येतं याचं अधिकृत प्रमाणपत्र देणारी, ए-टूच्या दोन पायऱ्या वरची. वाचन आणि लेखन मिळून पन्नास गुण, ऐकणं आणि बोलणं मिळून पन्नास, प्रत्येक पन्नासात किमान तीस हवेत, एकातले गुण दुसरीकडे चालत नाहीत. ऐकण्यात मी कच्ची होते, म्हणून तीन महिने रोज रेडिओ. तोंडी परीक्षेत तयारीला वीस मिनिटं मिळतात. त्यांनी एका चित्रावर बोलायला सांगितलं, स्वयंपाकघरातलं चित्र होतं. काय काय बोलले ते आठवत नाही, पण एका वाक्यात कप पडला होता, आणि तो कुणी फोडला नव्हता. निकाल मी घरी परतल्यावर आला, "आप्तो". उत्तीर्ण.

जूनमध्ये निघाले. चादर तिथेच राहिली, टेबलावर. सेन्योरा बसस्टँडवर आली, नको म्हटलं तरी बॅगेचा एक बंद तिने धरला होता. हातात पुडीत बांधलेलं बटाट्याचं ऑम्लेट, तोर्तिया, वाटेत खायला. निरोपाची वाक्यं मी रात्री पाठ केली होती, चांगली, लांब, सगळे सुब्खुंतीबो बरोबर असलेली. बसच्या दारापाशी एकही तोंडातून निघालं नाही. ड्रायव्हरने सामानाचं दार बंद केलं. मी पायरीवर चढले, वळले आणि म्हणाले,

"आओरा बेंगो."

पाव आणायला जातानाचं वाक्य. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं, कप फुटला तेव्हा पाहिलं होतं तसं. मग तिने पुडी माझ्या हातात दिली.

"बाले, इखा," ती म्हणाली, "आकी ते एस्पेरो." बरं बाळा, मी इथेच आहे, वाट बघते.